कापसाच्या खोलीत कोण चाललं?

१

वासुदेवराव झाडे खैरगावला जुने मित्र पुंडलिकराव भोयरांकडे निघाले ते दोन कामांसाठी. एक म्हणजे चहा आणि दुसरं म्हणजे पुंडलिकरावांच्या थोरल्या मुलाचा, धर्मेंद्रचा, ऑपरेशन झालेला पाय बघणं. प्रत्यक्षात त्यांच्या हातात आले ते पुंडलिकरावांचेच पाय, गार आणि ताठ.

सन दोन हजार एकचा जानेवारी होता. वासुदेवराव फौजदार म्हणून निवृत्त होऊन समुद्रपूरला राहायला आले होते. नोकरी सुटली तरी नाक खुपसायची सवय काही सुटली नाही, असं त्यांची बायको चारचौघांत सांगायची. सकाळच्या बसने उतरून ते भोयरांच्या अंगणात शिरले, तर घरची सगळी माणसं कापसाच्या खोलीसमोर उभी. धाकटा मुलगा निकेश नुकत्याच बाजूला सारलेल्या टोपल्याकडे बघत होता. टोपल्यामागे पुंडलिकरावांच्या चपला होत्या.

"काका, बाबा काल दुपारी येऊन परत समुद्रपूरले गेलते," निकेश म्हणाला. "परत आले नाई म्हून आमाले वाटलं, तिकडंच कोणाकडं राह्यले असंन. मंग ह्या चपला इथी काऊन?"

दाराला बाहेरून कडी होती. वासुदेवरावांनी ती काढली.

आत कापूस आढ्याला टेकला होता. ज्यांनी घरात कापूस भरून ठेवलाय त्यांना त्या खोलीचं वर्णन सांगायला नको. ती खोली आवाज खाते. समोरच्याचे ओठ हलताना दिसतात आणि शब्द मात्र अर्ध्यातच पांढऱ्यात बुडून जातात. भोयरांच्या घरात कुणाला कुणाशी गुपित बोलायचं असलं तर ते ह्याच खोलीत येऊन बोलत, कारण बोललेलं भिंतीपलीकडे जात नसे. चारचौघांच्या घरात देवघर असतं तसं हे त्यांचं बोलघर होतं म्हणा ना.

डाव्या बाजूची कापसाची कड ढासळून खाली आली होती. त्या ढिगातून धोतराचं एक टोक बाहेर डोकावत होतं. मग कोण कुठून शिरलं याला धरबंद राहिला नाही. निकेश सदरा फेकून उघड्या अंगाने घुसला. सालगडी गुलाब, निकेशची बायको सुरभी, थोरली सून मयुरी, म्हातारी आनंदाबाई, सगळे हातांनी कापूस उपसू लागले. वासुदेवरावही गुडघाभर कापसात उतरले आणि त्यांच्या हाताला ते पाय लागले.

पलीकडच्या खोलीतून धर्मेंद्र एकसारखा ओरडत होता, "काय झालं? सांगा ना रे कोणी! मले उठता येत नाई!"

पुंडलिकरावांना जुना दमा होता. नाकातोंडात कापूस गेलेला. कापसाची कड अंगावर येऊन माणूस मरतो, हे वासुदेवरावांना मान्य होतं. पण मेल्यावर बाहेर येऊन दाराला कडी लावणारा माणूस त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

२

ठाण्याचे फौजदार प्रेमदास राऊत जीप घेऊन आले. माणूस कामाचा होता, पण घाईचा. प्रेत तपासणीला पाठवून त्यांनी वासुदेवरावांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही घरचे. तुम्हीच विचारा, मी ऐकतो."

आदल्या दिवशी सगळं घर गिरडला गेलं होतं. धर्मेंद्र चालता व्हावा म्हणून मयुरीने टेकडीवरच्या शेख फरीदबाबांना चादर बोलली होती. आनंदाबाई, मयुरी आणि निकेश सुरभीच्या दोन्ही लेकरांना घेऊन ट्रॅक्टरवर बसले आणि गुलाबने ट्रॅक्टर हाकला. घरी राहिले खाटेवरचा धर्मेंद्र आणि त्याला पाणी द्यायला सुरभी. पुंडलिकराव सकाळीच समुद्रपूरला गेले होते.

"मामाजी दुपारी परत आलते," सुरभी सासऱ्यांविषयी म्हणाली. ती मुलांसाठी कणीक मळत बसली होती. मढ्याच्या घरी चूल पेटवू नये हे तिलाही कळत होतं, पण भुकेल्या लेकरांना ते कोण समजावणार? बाह्या कोपरावर चढवलेल्या, गोरे हात पिठाने माखलेले. "मी दार उघडलं, मंग आतून कडी घातली अन् मांगच्या खोलीत पडली. त्याच्यानंतर मले मामाजी दिसलेच नाई."

"मग परत गेले असं घरच्यांना कुणी सांगितलं?"

"मीच. चपला दिसल्या नाई म्हून मले वाटलं, गोठ्याच्या दारानं परत गेले असंन."

तिने मान वर केली नाही. वासुदेवरावांना ती काहीतरी हातचं राखून बोलतेय असं वाटलं आणि त्यांना त्याचं वाईटही वाटलं, कारण पोरगी त्यांना आवडत होती.

निकेशला विचारलं तर तो भडकला. गिरडहून तो मधेच निघाला होता, शेतातली मोटर बघायला. कुणी पाहिलं? कुणी नाही. बापाशी भांडण होतं का? होतं. सोमवारी तहसिलात वाटणी व्हायची होती. समुद्रपूरचं बियाण्यांचं दुकान धर्मेंद्रला, कारण लंगडा माणूस चिखलात कसा उतरणार, आणि शेत निकेशला.

"दादाले दुकानात गादीवर बसवा अन् मी ढेकळं फोडत राहू?" निकेश म्हणाला. "बोललो मी बाबाले. तोंडावर बोललो. मंग काय, जीव घेईन का त्यायचा?" उघड्या पाठीवर कापसाचे तंतू चिकटले होते, तेवढेच. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

गुलाब अंगात बंडी घालून गोठ्यापाशी उकिडवा बसला होता. गोठ्यातून घरात यायचं मागचं दार काडी घालून बाहेरून उघडता येतं, हे त्याने आपणहून सांगितलं. इतका प्रामाणिकपणा पाहून फौजदार राऊतांना आणखीच संशय आला.

"त्या खोलीत तू शेवटचा कधी गेला होतास?" वासुदेवरावांनी विचारलं.

"दिवाळीच्या पाठी भरली, तवापासून कोणी जात नाई साहेब. यंदाच्या कापसात लई बारीक किडे झाले. दिसत नाई, पण चावते. मालक तेवढे जायचे, तेही अंगभर कापड गुंडाळून, तेल लावून." त्याने वासुदेवरावांच्या हातांकडे दयेने पाहिलं. "तुमी अन् आमी आता शिरलो ना, आज काहीच कळन नाई. उद्या पहाटपासून पाहा, कसं नाचाले लावते."

"आणखी काही?"

गुलाबने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "कडी कोणी लावली हे शोधून राह्यले ना तुमी? वेणूनं लावली. कापूस भरला का ती चालते त्याच्यात."

३

वेणू ही पुंडलिकरावांची धाकटी बहीण. फार वर्षांपूर्वी लपाछपी खेळताना ती त्याच खोलीत कापसात शिरली आणि खोल गेली. घरच्यांनी दिवसभर गाव धुंडाळलं आणि ती सापडली कापूस विकायला काढला तेव्हा. तेव्हापासून खोली भरली की कापूस दबल्याचा आवाज येतो, कुणी तुडवत चालावं तसा. कापूस आपल्याच वजनाने बसतो, हे शाळामास्तरांनी गावाला शंभरदा सांगितलं. गाव ऐकून घेई आणि संध्याकाळी त्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून कुणी बसत नसे.

वासुदेवरावांचा भुतांवर विश्वास नव्हता. तरी त्या दारासमोरून धर्मेंद्रच्या खोलीकडे जाताना त्यांची पावलं आपोआप जलद पडली.

धर्मेंद्र खाटेवर पडून होता. अंगात स्वेटर, लांब पायजमा, वर ब्लँकेट. उजवं पाऊल तेवढं उघडं, उशीवर उंच ठेवलेलं. येईल त्याला दिसावं असं. बाप गेल्याचं दुःख चेहऱ्यावर होतं आणि ते खोटं नव्हतं. डोळे रडून सुजले होते. दोन्ही हातांनी त्याने ब्लँकेटची कड घट्ट धरली होती.

"काका, मी इथी पडलो होतो अन् बाबा तिकडं…" धर्मेंद्र म्हणाला.

हे ऑपरेशन वासुदेवरावांच्याच सांगण्यावरून झालं होतं. कबड्डीत धर्मेंद्रचा घोटा मुरगळला, हाडाचा एक कपचा सांध्यात सुटा झाला आणि पाय टेकवेना. वासुदेवरावांच्या स्वतःच्या घोट्याचंही असंच दुखणं नागपूरच्या एका डॉक्टरांनी वर्षापूर्वी दुर्बिणीतून बरं केलं होतं. घोट्यासमोर दोन बारकी भोकं, एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून हत्यार. चिरफाड नाही. टाके निघाल्यावर काही आठवड्यांत ते बस स्टँडपर्यंत पायी जाऊ लागले होते. धर्मेंद्र तर तरणाताठा गडी, तरी दोन महिने झाले, अजून खाटेवर. आपणच याला त्या डॉक्टरकडे धाडलं ही रुखरुख त्यांना रोज लागत होती.

"अजून टेकवत नाहीस?"

"टेकवला का कळ डोक्यात जाते. मले वाटते, बिघडलंच."

"डॉक्टरांनी आधी सगळं सांगितलं होतं ना? सांधा पिकू शकतो, आखडू शकतो, पोटरीत रक्ताची गाठ होऊ शकते. क्वचित होतं, पण होतं."

"सांगतलं असंन. मी सही करून मोकळा झालो."

मयुरी चहा घेऊन आली होती. नवऱ्याच्या पावलाकडे नजर जाताच तिने बशी खाली ठेवली. "अवो काका, हे पाहा! पिकलं का जी आतून?"

पावलाच्या वरच्या बाजूला लाल, टचटचीत पुटकुळ्या उठल्या होत्या. वासुदेवराव वाकले. भोकांच्या खुणा मात्र कोरड्या, पांढुरक्या, छान भरलेल्या होत्या. सूज नाही, पू नाही. पुटकुळ्या त्यांच्यापासून दूर, बोटांच्या दिशेला पसरलेल्या. धर्मेंद्रने मान उचलून आपल्याच पायाकडे असं पाहिलं की जणू ते पाऊल रात्रीतून कुणीतरी दुसऱ्याचं आणून जोडलंय. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"डास," तो म्हणाला आणि पाऊल ब्लँकेटखाली ओढून घेतलं. झटकन, न कण्हता.

खोलीत कापराचा उग्र वास भरला होता.

"सर्दी झाली त्यायले," मयुरी म्हणाली. "पहाटेच मले उठवून खोबरेल तेलात कापूर खलून मांगितला. मी देतो म्हटलं छातीले लावून, त नाई म्हणे, मीच लावतो."

धर्मेंद्रचं नाक मात्र अगदी मोकळं होतं. वासुदेवरावांना ते जाणवलं आणि सुटूनही गेलं, कारण त्याच वेळी अंगणातून आनंदाबाईंची किंकाळी ऐकू आली.

४

अंगणात सुरभी जमिनीवर बसली होती आणि आनंदाबाई तिच्यासमोर कपाळावर हात मारून घेत होत्या.

"सांग यायले! आता मले सांगतलं ते यायले सांग!"

सुरभीने पदर तोंडात कोंबला होता. तो काढून ती बोलली तेव्हा तिच्या तोंडून शब्द एकेक करून निघाले.

"मी मांगच्या खोलीत पडली होती. कापसाच्या खोलीची भिंत माह्या उशाशी. तिथून आवाज आला. कोणी भिंतीले हात मारून राह्यलं असा. धप, धप. मंग थांबला. मंग अजून आला, हळू." तिने डोळे मिटले. "मले वाटलं, वेणू आत्या हाये. मी कानावर हात ठेवले अन् समोरच्या ओसरीत पळून आली. दार उघडून पाह्यलं नाई मी. मामाजीच होते ना ते? मी उघडलं असतं त वाचले असते ना?"

ज्या घरात वेणूची गोष्ट लहानपणापासून ऐकवली जाते, तिथे त्या आवाजाला दार उघडायची छाती कुणाची झाली असती? वासुदेवरावांची तरी झाली असती का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि घाईने मिटवून टाकला.

फौजदार राऊतांना मात्र असे प्रश्न पडत नव्हते. "घराला आतून कडी. घरात तिघं. एक मेला, एक लंगडा. उरली कोण? आणि आवाज ऐकूनही बाई गप्प. चपला टोपल्यामागे लपवल्या, नवऱ्याला दुकान मिळावं म्हणून सासऱ्याचा काटा काढला. सरळ आहे साहेब."

"ढिगात ढकलून दाबून ठेवायचं म्हणजे ती आत गेली असणार."

"गेलीच होती! उद्या पाहा, अंगभर पुरळ उठेल. तोच पुरावा."

"पुरळ तर मलाही उठेल हो. आपण सगळेच शिरलो होतो."

राऊत हसले. निवृत्त माणसाला जितकं हसावं तितकंच, मर्यादेत. "संध्याकाळी क्रियाकर्म होऊ द्या. तपासणीचा निरोप आला की उद्या सकाळी मी बाईंना घेऊन जातो."

सुरभीची दोन लेकरं तिच्या पाठीला चिकटून बसली होती. धाकट्याला अजून धड बोलताही येत नव्हतं. सकाळपर्यंत दुसरा कोणी सापडला नाही तर ही बाई जीपमध्ये बसेल आणि या गावात पुन्हा तोंड वर करून चालणार नाही, हे वासुदेवरावांना लख्ख दिसत होतं. ते त्या दिवशी समुद्रपूरला परत गेलेच नाहीत. शेजारच्या घरी त्यांनी मुक्काम केला.

५

पहाटे त्यांना जाग आली ती खाजेने. गुलाबने थट्टा केली नव्हती. मनगटापासून खांद्यापर्यंत, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत अंगाची आग होत होती. एक जागा खाजवावी तर दहा जागा बोलावत होत्या. उजाडल्यावर ते विहिरीपाशी आंघोळीला बसले. पलीकडे अंगणात निकेश, गुलाब, मयुरी, सगळ्यांची तीच गत होती. निकेश खांबाला पाठ घासत होता. दुःखाच्या घरात तो देखावा हसण्यासारखा होता, म्हणून फार भयाण वाटत होता.

वासुदेवरावांनी पायांवर पाणी ओतलं आणि त्यांचा तांब्या हातातच राहिला.

उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला, ऑपरेशनच्या खुणेपासून बोटांकडे, लाल टचटचीत पुटकुळ्या उठल्या होत्या. डाव्या पावलावरही तशाच. डावं पाऊल त्यांनी झोपेत ओरबाडून रक्ताळून ठेवलं होतं. उजव्यावर मात्र नखाचा एक ओरखडाही नव्हता. तिथे खाजच सुटत नव्हती. त्यांनी बोट लावून पाहिलं. बोटाला पुटकुळी लागत होती, पुटकुळीला बोट लागत नव्हतं. आपल्याच अंगावर दुसऱ्या कुणाची तरी कातडी पांघरल्यासारखं त्यांना झालं.

वर्षभर त्या जागेशी त्यांची ओळख होती. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं, एक बारीक नस तिथे अगदी कातडीखालून जाते. प्रत्येकाची थोडी वेगळ्या जागी. कितीही जपलं तरी भोक पाडताना ती दुखावू शकते. मग पावलाची वरची बाजू बधिर होते. बऱ्याच जणांची काही महिन्यांत सुधारते, काहींची नाही. चालण्यावर परिणाम होत नाही. वासुदेवराव त्या काहींतले निघाले होते. चपलेचा पट्टा लागत नाही, गरम चहा सांडला तरी कळत नाही, एवढंच.

त्यांनी कसंबसं धोतर गुंडाळलं. ओलेत्यानेच ते भोयरांच्या दारात पोचले तेव्हा जीप येऊन उभी होती आणि सुरभी धाकट्याला सासूच्या हातात देत होती.

६

"थांबा राऊत," वासुदेवराव म्हणाले. "दहा मिनिटं द्या. नंतर तुम्हाला ज्याला न्यायचं त्याला न्या."

ते सगळ्यांना घेऊन धर्मेंद्रच्या खोलीत गेले. कापराचा वास कालच्यापेक्षा दाट झाला होता. धर्मेंद्रने पाऊल आज ब्लँकेटखाली ठेवलं होतं.

"धर्मेंद्र, डोळे मीट. मी हात लावतो, कळलं की हो म्हण. ऑपरेशनची तपासणी आहे, माझीही अशीच केली होती."

ब्लँकेट बाजूला करून त्यांनी केरसुणीची एक काडी घेतली. अंगठ्याच्या खाली, तळव्याला लावली. "हो," धर्मेंद्र म्हणाला. टाचेला लावली. "हो." मग काडी पावलाच्या वरच्या बाजूवर, त्या लाल पुटकुळ्यांवरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरली. धर्मेंद्र शांत पडून होता. काडी परत फिरली. सगळे काडीकडे पाहत होते आणि धर्मेंद्र डोळे मिटून वाट पाहत होता. मयुरीने तोंडावर हात ठेवला.

"लावा ना काका," तो म्हणाला.

"लावली, बाबू. केव्हाची लावतोय."

त्याने डोळे उघडले.

"आज या घरात सगळ्यांना खाज सुटलीय," वासुदेवराव म्हणाले, "कारण काल सकाळी सगळे त्या कापसात शिरले. तू एकटा शिरला नाहीस. तुला उठताच येत नव्हतं. तरी तुझ्या पायावर त्याच पुटकुळ्या आहेत."

"मयुरीच्या लुगड्यातून किडे आले असतील," राऊत मध्येच म्हणाले. माणूस घाईचा असला तरी मठ्ठ नव्हता.

"आले असते, तर आज चावल्याचं दिसलं असतं. या पुटकुळ्या मी काल सकाळी पाहिल्या, मयुरीनेही पाहिल्या. किडा चावल्यावर पुरळ उठायला एक रात्र जाते, गुलाबला विचारा. काल सकाळी सुरभी कणीक मळत होती, तिचे हात स्वच्छ होते. निकेश उघडा होता, त्याची पाठ स्वच्छ होती. गुलाबच्या अंगात नुसती बंडी होती, त्याचे उघडे दंडही स्वच्छ होते. परवा दुपारी यांच्यापैकी कोणीही त्या खोलीत गेलेलं नव्हतं. गेला होता फक्त हा. काल पहाटे, कुणाला काही कळायच्या आत, याने कापराचं तेल मागितलं. कापसाची खाज सुटली की या गावात तेच लावतात. जिथे जिथे खाज सुटली तिथे तिथे त्याने गुपचूप लावलं आणि वर कपडे चढवले. ही जागा तेवढी राहिली. इथे खाज सुटली नाही, म्हणून इथे काही आहे हे याला कळलंच नाही. लोकांनी पाहावं म्हणून नेमकं हेच पाऊल याने उघडं ठेवलं."

त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत सरकवला. नडगीवर तेच पुरळ होतं, तेलाने चकाकणारं आणि नखांनी ओरबाडलेलं.

धर्मेंद्रने पायजमा खाली ओढला. मग बोलला तो आईशी.

"पाय महिन्याभरातच चांगला झाला होता माय. पण दुकान मले मिळन असं बाबा बोलले, मंग मी… मले नाई जमत शेतात. मी म्हटलं, वाटणी होऊन जाऊ दे, मंग हळूहळू उठतो. परवा दुपारी घरात कोणी नाई म्हून रांजणापाशी पाणी प्यायले उठलो अन् मांगं बाबा उभे. चांगला चालून राह्यलो होतो मी. काही बोलले नाई. कापसाच्या खोलीत ये म्हणाले. सुरभीले ऐकू जाऊ नये म्हून."

"मग?"

"सोमवारी दुकान निकेशले लिहून देतो म्हणाले. गळ्याले हात घालून माही गच्ची धरली. मी झटकलं, त ते मांगं कापसावर आदळले अन् वरची कड आली अंगावर. हात दिसून राह्यला होता त्यायचा. मी ओढलं असतं त…" त्याने आपल्याच तळहाताकडे पाहिलं. "पण ओरडलो असतो त सुरभी आली असती. मी उभा दिसलो असतो. मले वाटलं, येतीन ते आपले आपण बाहेर."

"मग कडी कशाला लावली? चपला कशाला लपवल्या?"

धर्मेंद्र कापसाच्या खोलीच्या भिंतीकडे पाहत राहिला. ती भिंत त्याच्याही उशाशी होती. सुरभी निदान पळून ओसरीत गेली होती. हा तिथेच पडून सगळं शेवटपर्यंत ऐकत राहिला होता, आणि तो आवाज वेणूचा नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. इतक्या वर्षांत वासुदेवरावांनी खून करणारे पुष्कळ पाहिले होते, पण त्यांतला एकही असा आडवा पडून वाट बघत राहिला नव्हता.

सुरभी दारात उभी होती. तिने सासूच्या हातातून आपलं लेकरू परत घेतलं आणि त्याला इतकं घट्ट धरलं की ते रडू लागलं. निकेश तिच्यापाशी जाऊन उभा राहिला. काल आपण बायकोच्या बाजूने एक शब्दही बोललो नाही, हे त्याला आता आठवत असावं.

"चला," फौजदार राऊत म्हणाले. आवाज त्यांनी बराच खाली आणला होता.

धर्मेंद्र खाटेवरून उतरला. कोपऱ्यातल्या कुबड्यांकडे त्याने पाहिलंही नाही. अंगण ओलांडून तो दारापर्यंत गेला, सरळ, दोन्ही पाय सारखे टाकत. ऑपरेशन उत्तम झालं होतं. गल्लीत जमलेल्या लोकांनी ते पाहिलं. मयुरी खाली बसली आणि उठलीच नाही.

दाराला उंच पायरी होती. धर्मेंद्र तिथे पोचला तशी आनंदाबाई एकदम पुढे झाल्या.

"हळू रे बापा," त्या म्हणाल्या, "पायाले जपजो."

आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी भिंतीवर डोकं टेकून हंबरडा फोडला. धर्मेंद्र क्षणभर थांबला, मग पायरी उतरून जीपमध्ये जाऊन बसला.